भाऊबीजेनंतरची सही

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की विश्रामबागेतल्या आमच्या गॅलरीत काजळी पडायला लागते. काळी, हलकी, बोट लावलं की पसरणारी. दोरीवरच्या पांढऱ्या शर्टावर ती आधी दिसते, मग फरशीवर. वारा फिरला तर मळीचा गोडसर-आंबूस वासही घरात शिरतो. सुषमा, माझी बायको, कपडे आत घेता घेता म्हणते, पेटला वाटतं बॉयलर. रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. मागच्या स्कूटरवरचं कुणीतरी चालत्या ट्रॉलीतून एक कांडं ओढून घेतं आणि लाज वाटून उगाच हसतं.

यंदाही काजळी पडली. झाडू घेऊन उभा राहिलो आणि तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवून तसाच खुर्चीत बसलो. हल्ली असं फार होतं. काम हातात घ्यायचं आणि बसून राहायचं.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता. सईला, आमच्या एकुलत्या एक मुलीला, पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं होतं. मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात परीक्षा विभागात कारकून. दुसऱ्यांच्या मुलांच्या गुणपत्रिका परदेशी पाठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पाकीट चिकटवायचं, तोंडावर सही करायची आणि अर्धा शिक्का झाकणावर, अर्धा खाली असा तिरका मारायचा, म्हणजे मध्ये कुणी उघडलं तर कळतं. पत्ते वाचताना तोंडातल्या तोंडात गावांची नावं म्हणून बघायची माझी सवय होती. सईचं पाकीट हातात आलं तेव्हा मी शिक्का इतका दाबून मारला की शाई पसरली. पाकीट बाद झालं. दुसरं केलं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, साहेब, शिक्का आहे, नांगर नव्हे.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सईने चिठ्ठ्या लावल्या होत्या. मिठाचं, साखरेचं, डाळीचं जर्मन नाव. सुषमा म्हणायची, साखरेला काही म्हणा, चहात दोनच चमचे पडणार. त्या भाषेतही तो, ती, ते आहे म्हणे. सईला त्याची मोठी गंमत. क्लासमधली दुसरी मुलं यावरून रडतात, आपण तर हे पाळण्यातच शिकलो, असं ती म्हणायची. मग एकदा पोळी लाटता लाटता थांबून म्हणाली, "बाबा, तिथला सूर्य बाई आहे." मला ते का कोण जाणे फार आवडलं. ऑफिसला जाताना मी त्या दिवशी दोनदा वर बघितलं.

इंग्रजीच्या परीक्षेला पुण्याला गेलो होतो. ती आत, मी बाहेर फुटपाथवर. आणखी सात-आठ बाप होते. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक फाईल, जणू परीक्षा आमचीच. कुणी फलटणचा, कुणी लातूरचा. बोलणं आधी मुलांच्या हुशारीवर होतं, मग हळूहळू पैशावर आलं, आणि मग सगळे गप्प झाले. प्रत्येकजण मनात आपल्याकडचं काय काय मोडता येईल ते बघत असणार. मी तर बघत होतोच.

जर्मनीत शिकवण्याची फी जवळजवळ नाही, हे खरं. पण वर्षभराच्या भाड्याची, जेवणाखाण्याची रक्कम आधीच एका बंद खात्यात टाकून दाखवावी लागते. मग ती दर महिन्याला थोडी थोडी मोकळी होते. ती रक्कम माझ्याकडे नव्हती. कर्ज काढायचं होतं, आणि कर्जाला तारण. ऑफिसात जो तो म्हणे, तुम्हाला कसली काळजी, तुमची कडेगावला बागायत आहे. मलाही तेच वाटत होतं. आमच्याकडे माणूस स्वतःच्या नोकरीपेक्षा, घरापेक्षा जमिनीवर जास्त विसंबतो. जमीन आहे म्हटल्यावर बँक नाही म्हणेल, हे माझ्या मनात आलंच नाही. एका कागदासाठी पोरांना चार-चार वेळा खिडकीवरून परत पाठवणारा मी, बँकेत जाऊन आधी विचारावं इतकं मला सुचलं नाही.

की सुचू दिलं नाही? हे मला आज लिहायचं आहे.

कडेगावची जमीन अडीच एकर. वडील गेल्यावर आईचं, माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नाव लागलं. आई गेल्यावर आम्ही दोघं उरलो. आक्का साताऱ्याला असते. दाजी फौजेतून निवृत्त होऊन आता एका सोसायटीच्या फाटकावर बसतात. आक्का घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. मशीन खिडकीपाशी, समोर रस्ता. तिच्या हाताला रिळांच्या रंगांचा वास येतो असं मला लहानपणापासून वाटतं, पण लहानपणी ती शिवत नव्हती. तेव्हा ती अभ्यास करायची. बारावी सायन्सला ती तालुक्यात नाव काढण्याइतकी पुढे होती आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वडील म्हणाले होते, एकाचंच वसतिगृह झेपेल. मी तेव्हा दहावीत होतो. मी काहीच बोललो नाही. बोलायचं वय नव्हतं, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

तर वारस नोंदीनंतर तलाठ्याच्या कचेरीत सातबारा हातात आला, तेव्हा माझ्या नावाखाली तिचं नाव बघून मला कुठेतरी खुपलं होतं. खोटं कशाला बोलू. तिला काही द्यायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. पण आमच्यात बहिणी हक्क सोडतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते, माहेर शाबूत राहतं. न सोडणाऱ्या बहिणीबद्दल गावात कसं बोलतात ते मी ऐकलेलं होतं, आणि बोलणाऱ्यांत एकदोनदा मीही होतो. मला तिच्याकडे मागायला तोंड नव्हतं. मग सईचं जर्मनी आलं. तोंड मिळालं.

त्या वर्षी भाऊबीजेला आक्का आणि दाजी आमच्याकडे आले. सईने आत्याला डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. दाजी म्हणाले, थंडीचं सांगू नका, आम्ही लेहला दाढीवर बर्फ घेऊन पहारा दिलाय. त्यांनी पिशवीतून लोकरीचे जाड मोजे काढून सईला दिले. आक्काने मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली, नेहमीपेक्षा भारीची. सुषमाने ती साडी दुकानात बघितली तेव्हाच माझ्याकडे बघितलं होतं.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. बँकेला जमीन एकाच्याच नावावर लागते, असं म्हणालो. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आक्का सुपारी कातरत होती. तिने मान वर न करता विचारलं, "सईचं काम हुईल न्हवं त्यानं?"

"हो," मी म्हणालो.

"मग कवा जायाचं ते सांग."

एवढंच. मी चार दिवस मनात तयार केलेली वाक्यं तशीच राहिली. दाजी म्हणाले, ऑर्डर मिळाली, आता कूच. सगळे हसले. सई मात्र हसली नाही. ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

सुट्ट्या संपून नोंदणी कचेरी उघडली त्या पहिल्याच दिवशी आम्ही कडेगावला गेलो. हक्कसोडपत्र आधीच टाईप करून घेतलं होतं. वकिलाने ते मोठ्याने वाचलं. स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, बिनमोबदला. आक्का नवी साडी नेसून आली होती. फोटो काढायच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघताना तिने पदर सारखा केला, शाळेच्या फोटोला करावा तसा. मग सही. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या बायका नाव लिहिताना अक्षर अक्षर जुळवतात. तिने एका झटक्यात, तिरकी, इंग्रजीत सही केली. तिथला कारकून म्हणाला, ताई, शिकलेल्या दिसता. "बारावी सायन्स," आक्का म्हणाली. किती वर्षांनी हे तिला कुणी विचारलं असेल. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कधी विसरणार नाही, आणि मी तेव्हा काय करत होतो तर दुसऱ्या पानावर तिचा अंगठा राहिला का ते तपासत होतो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, रानाकडून जाऊया का रं बापू? मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. पुन्हा कधीतरी जाऊ म्हणालो.

महिन्याभरात सातबारावर एकच नाव आलं. तो कागद, उतारे, नकाशा, सगळं प्लास्टिकच्या फायलीत लावून मी बँकेत गेलो. समोर सईच्याच वयाचा मुलगा बसला होता. त्याने फाईल नीट बघितली, बंद केली आणि अदबीने माझ्याकडे सरकवली. सर, शेतजमीन या कर्जाला आम्ही तारण घेत नाही. बिनशेती असेल तर चालेल. तुमचा फ्लॅट आहे ना, त्याचे कागद आणा.

मी विचारलं, कुणाच्याही नावावर असली तरी?

तो म्हणाला, नावाचा प्रश्नच नाही, सर.

मी त्या खुर्चीतून लगेच उठलो नाही. मागचा माणूस खाकरला तेव्हा उठलो. बाहेर गाडीपाशी उभा राहून फाईल डिकीत टाकली. लाज वाटली, पण लाजेच्या खाली आणखी एक गोष्ट होती. जमीन माझ्या नावावर झाली आहे आणि ती आता कुठे अडकणारही नाही, असा एक विचार येऊन गेला. क्षणभरच. पण आला होता. मी देवाला मानणारा माणूस आहे, म्हणून तो विचार आलाच नव्हता असं लिहू शकत नाही.

मग फ्लॅटचे कागद दिले. भविष्यनिर्वाह निधीतून काही उचललं, सुषमाच्या पाटल्या गेल्या. कर्जाच्या फॉर्मवर सईलाही सही करायची होती. तारणाच्या रकान्यात फ्लॅटचा पत्ता बघून तिचं पेन थांबलं. "मग आत्याच्या जमिनीचं काय?"

"ते नंतर बघू," मी म्हणालो.

त्याच सुमारास ती विद्यापीठाला पाठवायचं पत्र लिहीत होती. मला हेच का शिकायचं आहे, इथवर कशी आले, असं सगळं सांगणारं पत्र. पाण्याच्या शुद्धीकरणाचा तिचा विषय. पहिला मसुदा तिने मला वाचून दाखवला. त्यात आत्यावर चार ओळी होत्या. माझी आत्या विज्ञान शिकली आणि थांबली, तिने तिची जमीन माझ्यासाठी दिली, असं काहीतरी. इंग्रजीत ते फार साधं आणि चांगलं वाटत होतं. मी म्हणालो, घरगुती गोष्टी अशा पत्रात बऱ्या दिसत नाहीत, काढून टाक. तिने काढलं. नंतर ऑफिसातल्या एका प्राध्यापकांनी ते पत्र वाचलं आणि म्हणाले, सगळं आहे, पण मुलगी कुठे दिसत नाही यात. मी मान डोलावली.

तरी तिला प्रवेश मिळाला. व्हिसा झाला. गणपती बसायच्या आसपास ती गेली. ती गेल्यावर डब्यांवरच्या चिठ्ठ्या सुषमाने काढल्या नाहीत. तेलकट होऊन आपोआप पडल्या.

थकवा येतो तो कामाचा नसतो, हे मला या दोन वर्षांत कळलं. हप्ते जातात, ते जाणारच होते. थकवा आक्काच्या फोनचा यायचा. तिने साताऱ्यात सगळ्यांना सांगितलं होतं. फॉल लावायला साडी घेऊन येणारी प्रत्येक बाई ऐकून जायची, की माझी भाची जर्मनीत शिकते, माझ्या वाटणीवर. दाजी चिडवायचे, सरकारनं मला सीमेवर पाठवलं, हिनं भाचीला सीमेपार धाडलं. फोन केला की ती मला विचारायची, माझी जमीन काय म्हणती? म्हणजे सई काय म्हणते. मी सांगायचो, बरी आहे, अभ्यास चाललाय. प्रत्येक वेळी एकेक वीट चढत होती. पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं तर चूक एवढीच होती, आता ती घराएवढी झाली. सुषमाने एकदाच विषय काढला होता. आक्कांना सांगायला हवं, म्हणाली. मी म्हणालो, सांगून तिला काय मिळणार, आहे तो आनंदही जाईल. हे बोलताना मला मी फार समजूतदार वाटलो. आपल्या सोयीची गोष्ट दुसऱ्याच्या भल्याची वाटायला लागली की माणूस किती खाली आलेला असतो, हे त्याला स्वतःला कळत नाही.

यंदा काजळी पडायला लागली त्याच आठवड्यात सईचा फोन आला. तिचा प्रबंध संपत आलाय. सुरुवातीला आभाराचं पान असतं. म्हणाली, "आत्याचा फोन आला होता. पहिल्या पानावर तिचं नाव घालणार का म्हणून हसत हसत विचारत होती. घालणारच आहे मी. पण काय म्हणून घालू, बाबा?"  तिकडे कुठेतरी ट्रामची घंटा वाजली. ती म्हणाली, "दोन वर्षं मी तिच्याशी खोटं बोलतेय. तुमच्यासाठी." आणि मग जेवलात का, असं विचारून तिने फोन ठेवला.

रविवारी मी साताऱ्याला गेलो. एकटाच, एसटीने. इस्लामपूर, कऱ्हाड, उंब्रज. सगळ्या रस्त्याला ऊस. कुठे तोड चाललेली, तोडकऱ्यांची पालं पडलेली, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधलेले. खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि भाऊबीजेच्या वेळचीच वाक्यं उलटी होऊन येत होती.

आक्का मशीनवर होती. दाजी ड्यूटीवरून येऊन आडवे झालेले. काय पाव्हणं, अचानक छापा, म्हणत उठून बसले. चहा झाला. मी सगळं सांगितलं. बँकेचं, फ्लॅटचं, दोन वर्षांचं. आणि बँकेच्या आधीचंही, तलाठ्याच्या कचेरीत मला काय खुपलं होतं ते. ते सांगायचं नाही असं मी बसमध्ये ठरवलं होतं. पण अर्धं सांगून थांबता आलं नाही.

दाजी उठून बाहेर गेले. चपला न घालता गेले. आक्काने मशीनखालची साडी सोडवून घडी केली. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा उलगडून केली.

"म्हंजे माझी जमीन कुठं गेलीच न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"आन् मी गावभर सांगत हुते."

मी म्हणालो, सईचं शिक्षण तुझ्यामुळेच झालं, आक्का. ती म्हणाली, गप. रागाने नाही, गोंगाट करणाऱ्या पोराला म्हणावं तसं.  तिचे डोळे भरतील याची मी वाट बघत होतो. ते भरले असते तर मला पाय धरता आले असते. ते कोरडेच राहिले.

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात कडेगावला जाऊ, तुझा हिस्सा तुझ्या नावावर करतो, बक्षीसपत्र करावं लागेल.

"बक्षीस?" तिने माझ्याकडे बघितलं. "माझंच मला बक्षीस देतोस व्हय रं?"

मी तिला समजावायला लागलो, की कायद्यात दुसरा कागद नाही. सोडायचा कागद आहे, जे सोडायला लावलं ते परत करायचा कागद नाही. बोलता बोलता माझा आवाज ऑफिसातल्या खिडकीवरचा झाला आणि मीच थांबलो.

"कर," ती म्हणाली. "नाव काय बी दे. पर कर. मी न्हाई म्हणीन असं वाटलं हुतं तुला?"

मला तसं वाटलं होतं. ती म्हणेल, राहू दे रं, घरातलंच हाय. मग मी आग्रह केला असता, तिने मान हलवली असती, आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. ती तसं काही म्हणाली नाही.

तिने दुसरी साडी मशीनखाली घेतली, दोरा ओवला आणि पहिल्यांदाच मला त्या जमिनीचं विचारायला लागली. आता त्यात काय आहे, लागण की खोडवा? खोडवा, म्हणजे नव्याने लावलेला नव्हे, तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला, एवढं मला ठाऊक होतं. तोड कधी? ठाऊक नव्हतं. पाणी विहिरीचं की कालव्याचं? पाळी कोणत्या वारी असते? बांधावरचा आंबा आहे का? तानाजी, जो आमची जमीन वाट्याने करतो, तो हे सगळं बघतो, असं मी म्हणालो.

"मग त्याला इचार," आक्का म्हणाली, "आन् आजच सांग मला."

निघताना दाजी फाटकापर्यंत आले. एरवी स्टँडपर्यंत येतात.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. कऱ्हाडच्या अलीकडे बसायला मिळालं तेव्हा मी तानाजीला फोन लावला. तोड कधी, पाण्याची पाळी कोणत्या वारी, आंबा आहे का, सगळं विचारलं. तो हसला. "आवं, इतक्या वर्सांत कवा इचारलं न्हाई तुमी. आज कोण इचारतंय?"

"मालकीण विचारतीय," मी म्हणालो.

"कोण मालकीण?"

शेजारच्या माणसाने मोबाईलमधून मान वर काढली. पुढच्या सीटवरची बाईही थोडी मागे वळली. नंतर सांगतो, असं म्हणून फोन ठेवता आला असता. तो शब्द ओठावर आलाही होता. मी खिडकीची काच ओढून घेतली, म्हणजे त्याला नीट ऐकू जाईल, आणि त्या दिवसात दुसऱ्यांदा, तलाठ्याच्या कचेरीपासून, सगळं सांगायला सुरुवात केली.